नूराशी लागलेली कुस्ती

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या गावचे माजी सरपंच आणि खंडोबाच्या जत्रेतल्या आखाड्याचे जुनेजाणते पंच, माननीय नारायणराव. तुळजापूरहून धुळीचा रस्ता तुडवत आलेले प्रमुख पाहुणे, पंचायत समितीचे सन्माननीय सभापतीसाहेब. ज्यांच्या सन्मानासाठी आपण शाळेच्या या मोठ्या खोलीत दाटीवाटीनं बसलो आहोत ते आपले शरणबसप्पा वस्ताद. व्यासपीठावर बसायचं नाकारून बायकांच्या घोळक्यात जाऊन बसलेल्या नीलम्मावहिनी. तालमीतली मुलं, गावकरी बंधू आणि भगिनींनो,

बोलायला उठण्याआधी अध्यक्षांनी माझा हात दाबून सांगितलं, "मास्तर, दोन शब्द गोड बोला आणि बसा. जुनं उकरू नका." अध्यक्षांची आज्ञा मला शिरसावंद्य आहे. पण अध्यक्षमहाराज, एक विचारू का? अणदूरच्या सभेत इतकी शांतता तुम्ही यापूर्वी कधी पाहिली होती? एरवी आपल्या सभेत पाहुण्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. आज वस्तादांना हार घातला तेव्हा टाळ्या वाजल्या, त्याही शेजारी कुणी दुखणाईत माणूस निजला असावा अशा. जो तो जमिनीकडं बघतोय. आणि बिरू, ज्यानं आज पहिल्या ओळीत बसायचं, तो पार मागं दाराशी, खांद्यावर घोंगडी टाकून उभा आहे. वस्तादांनी गाव सोडायचं ठरवल्यापासून बिरू त्यांच्याशी एक अक्षर बोललेला नाही. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. सभापतीसाहेबांना नव्हतं, ते मी सांगून टाकलं.

मी मार्तंडमास्तर. कुस्तीशी माझा संबंध काय, असं पाहुण्यांना वाटत असेल. माझ्या प्रकृतीकडं बघून तो प्रश्न पडणं साहजिक आहे. आमच्या सौभाग्यवती चारुशीलाबाई म्हणतात, "तुम्ही लंगोट लावलात तर लोकांना लंगोटच उभा दिसेल." मी आखाड्यात कधी उतरलो नाही. मी नुसता बघ्या. पण बघ्याला कमी लेखू नका. पैलवान आखाड्यात एकदाच दमतो. बघ्या तीच कुस्ती घरी सांगताना दमतो, पारावर सांगताना दमतो, आणि झोपेत बायकोला लाथ मारून पुन्हा एकदा दमतो. पैलवान जिंकला की बघ्या म्हणतो, आपण जिंकलो. हरला की म्हणतो, मी आधीच सांगत होतो. बघ्याइतका अजिंक्य मल्ल या जिल्ह्यात दुसरा नाही.

तर गोड बोलायचं आहे. वस्ताद गाव का सोडतायत? मानपत्रात लिहिलंय, 'प्रकृतिस्वास्थ्यासाठी.' मानपत्र मीच लिहिलंय, त्यामुळं ते खोटं आहे हे सांगायचा पहिला अधिकारही माझाच. वस्तादांची प्रकृती ठणठणीत आहे. ते का चाललेत हे या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. यंदाच्या जत्रेत आपल्या तालमीतल्या पोराची तेर गावच्या पैलवानाशी जोड लागली. पंच म्हणून बाकड्यावर वस्ताद बसले होते. आपलं पोर पाठीवर गेलं, आणि वस्तादांनी तेरच्या पैलवानाचा हात वर केला. चेला आपला, पण पडला तो पडला. तेवढ्यात गर्दीतून आरोळी आली, "नूरा खेळून पोट भरलेला मानूस ह्यो, ह्येला काय कळतंय खरं-खोटं?" कोण ओरडलं त्याचं नाव घ्यायचं नाही, असं वस्तादांनी मला बजावलंय. मी नाव घेत नाही. तो बसलाय त्या बाजूला बघतसुद्धा नाही.

वस्ताद बाकड्यावरून उतरले, फेटा नीट केला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी नारायणरावांना म्हणाले, आता आम्ही आमच्या गावाकडं जातो.

ही घंटी अध्यक्षांनी वाजवली. अध्यक्षमहाराज, घंटी शाळेची आहे. तिच्यावर थांबायची सवय मुलांना आहे, मास्तरांना नाही.

पाहुण्यांसाठी सांगतो. नूरा कुस्ती म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती. कोण पडणार, कधी पडणार, की दोघंही बरोबरीत सुटणार, सगळं तंबूत ठरतं. बाहेर येऊन नुसत्या शड्डू आणि आरोळ्या. शब्द हैदराबादकडचा. मग तुम्ही म्हणाल, अशा शब्दानं गावानं एका सज्जन माणसाला हाक का मारावी? कारण आपल्याकडं आजही लहान पोर त्यांना 'नूरा वस्ताद' म्हणतं. हे नाव कसं पडलं हे नव्या पोरांना ठाऊक नाही, आणि जुन्यांनी ते इतक्यांदा हसत सांगितलं की त्यातलं दुखणं गळून पडलं. आता त्या नावातून लोकांनी असा अर्थ काढलाय की, फार वर्षांपूर्वी बिरूनं शरणबसप्पांना पाडलं ती कुस्तीच खोटी होती आणि बिरूही त्यात सामील होता. एका शब्दानं दोन माणसांची अब्रू चाललीय. म्हणून नारायणराव, उकरतो. रागवा पाहिजे तर.

पोलीस ॲक्शन होऊन गेली होती, शाळेतली उर्दू जाऊन मराठी नुकती बसत होती, तेव्हाची गोष्ट. जत्रेत गुलबर्ग्याकडून एक कंपनी आली. कनात, तंबू, तिकीट, आणि तंबूच्या दारावर रंगवलेला हा मोठा पैलवान, त्याच्या काखेत सिंह. सिंहाचा चेहरा आमच्या तेव्हाच्या हेडमास्तरांसारखा होता. हलगीवाला गावभर सांगत फिरला, 'दख्खनचा पोलादी शेर' आला आहे. दातानं पहार वाकवतो, छातीवरून बैलगाडी नेतो. तो शेर म्हणजे हे आपले शरणबसप्पा.

अहो, काय तो थाट! पहार वाकवण्याआधी ते तिच्याकडं असे रोखून बघायचे की पहारीलाच वाटावं, आपण होऊन वाकलेलं बरं. मांडीवर शड्डू ठोकला की मागच्या रांगेतली बाळं रडायची. बैलगाडी छातीवरून जायच्या आधी ते डोळे मिटून हात जोडायचे, आणि त्या वेळात सगळा तंबू श्वास रोखायचा. मी बघ्या माणूस, मला कळत होतं की यातलं निम्मं नाटक आहे. पण देवाच्या पालखीपुढंही आपण नाचतोच की. नाटक म्हणून कुणी कमी भक्तीनं नाचतं का?

गाडी मात्र नाटकातली नव्हती. जत्रेच्या पहिल्या दिवशी एक बैल बिथरला, गाडी सरळ जायची ती तिरकी गेली. शरणबसप्पा उठले, हसले, लोकांना हात केला. तंबूत गेल्यावर त्यांना श्वास घेता येईना. तिन्हीसांजेला नीलम्मावहिनी आमच्या दारात उभ्या. चारुशीलाबाईंचा मुकामारावरचा लेप तेव्हाही प्रसिद्ध होता. त्याला कारण मी नव्हे. वहिनींना मराठी फारसं येत नव्हतं. कुशीवर हात ठेवून त्यांनी काडी मोडल्यासारखी खूण केली. बरगडी गेली होती.

आमच्या सौ. म्हणाल्या, "अगं बाई, आणि उद्या त्यांची कुस्ती आहे ना?"

वहिनी म्हणाल्या, "अक्का, ते नूरा आहे. नुस्तं हात हात. काय नाही होत."

मी ओटीवर ऐकत होतो. माझं काळीज चरकलं, आणि ते त्यांच्या बरगडीसाठी नव्हे, हे खरं सांगतो. कारण उद्याची कुस्ती होती आपल्या बिरूशी.

बिरू तेव्हा मेंढरं राखायचा. तालीम नाही, वस्ताद नाही, खुराक म्हणजे ताक-भाकरी. पण पंचक्रोशीत त्याला पाठीवर कुणी नेलं नव्हतं. कंपनीच्या मॅनेजरला गावचा एक गडी जोडीला हवा होता, त्यानं बिरूला बोलावलं. मी मनात म्हटलं, म्हणजे आपला बिरू खोट्या कुस्तीला राजी झाला! मला अन्न गोड लागेना. मी तसाच उठून बिरूच्या घरी गेलो. त्याची आई हरणाबाई चुलीपुढं बसली होती. मी म्हटलं, "बिरू, उद्याची कुस्ती कसली आहे रे?"

बिरू छाती काढून म्हणाला, "नूरासंगं हाय, मास्तर."

मी म्हटलं, "लाज नाही वाटत?"

तो म्हणाला, "लाज कशापायी? लई मोठा गडी हाय त्यो."

हरणाबाई म्हणाल्या, "मास्तर, कुटला हो ह्यो नूरा? आमच्या बिरूला काय इजा करनार न्हाय न्हवं?"

मला वाटलं, माय-लेक मिळून माझी थट्टा करतायत. मी तणतणत घरी आलो. मराठी शिकवणारा माणूस मी. 'नूरा' आणि 'नूरासंगं' यातला एवढासा फरक माझ्या कानावरून गेला. मॅनेजर म्हणाला होता, "नूरा कुस्ती है, समझे ना?" बिरू म्हणाला होता, "व्हय जी." आणि बिरूला समजलं होतं ते असं की, समोरच्या पैलवानाचं नाव नूरा आहे.

हसताय ना? हसा. मलाही आज हसू येतं. त्या दिवशी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आखाडा गच्च भरला होता. माणसं झाडांवर, गाड्यांच्या धुरांवर. मी अगदी पुढं, मातीला पाय लागतील असा बसलो होतो, बिरूला हुर्यो करायच्या इराद्यानं. हलगी कडाडली. बिरू उतरला, कपाळाला भंडारा. शरणबसप्पा उतरले, अंगावर वाघाच्या कातड्याची झूल, कमरेला घट्ट शेला. तो शेला कशासाठी आहे हे त्या गर्दीत फक्त मला आणि वहिनींना ठाऊक. दोघं समोरासमोर आले. बिरूनं मूठभर माती उचलून त्यांच्या खांद्यावर टाकली आणि मोठ्यानं म्हणाला,

"या, नूरा पैलवान! खंडोबाची आन हाय, म्या हातचं राखनार न्हाय. तुमी बी राखू नगा."

एका क्षणात मला सगळं उमगलं. या पोराला काहीच ठाऊक नाही! हा खरा लढणार आहे, आणि समोरच्याची बरगडी मोडलेली आहे. मी शरणबसप्पांकडं बघितलं. त्यांनाही कळलं होतं. त्यांनी मान वळवून तंबूच्या दाराकडं पाहिलं. तिथं नीलम्मावहिनी उभ्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली, नको म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, त्यांनी सरळ सांगायचं, आज प्रकृती नाही. सांगता आलं असतं का? त्याच्या आदल्या वर्षी पलीकडच्या एका जत्रेत खोटी कुस्ती उघडी पडली, तर लोकांनी कनातीला काडी लावली होती. तंबूत कंपनीची बायकामुलं होती. पहिल्या झटापटीला आडवं पडावं, तर आपले लोक काय दुधखुळे आहेत? मी उठून पंचांकडं धावलो. पंच कोण? आजचे अध्यक्ष. मी म्हटलं, "नारायणराव, थांबवा ही कुस्ती, त्या माणसाचं हाड मोडलंय!" नारायणराव म्हणाले, "मास्तर, एवढे लोक बघा. आता थांबवली तर तंबू राहायचा नाही आणि मीही राहायचा नाही." नारायणराव, तुम्ही चुकला नव्हता. मागून लोकांनी माझा सदरा ओढला, "मास्तर, बसा की खाली! दिसंना झालंय!" माझ्या आडून न दिसण्याइतका मी जाड, असं आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी कुणाला वाटलं.

आणि कुस्ती लागली. बघ्या म्हणून मी पुष्कळ कुस्त्या पाहिल्या, पण तशी पुन्हा पाहिली नाही. शरणबसप्पा एका हातानं लढले. डावा कोपर कुशीला चिकटवलेला, उजव्या हातानं बिरूची पकड तोडायची, पायानं टांग मारायची. बिरूनं दोनदा धोबीपछाड घेतली, दोनदा ते त्याच्या पाठीवरून निसटले. ज्या माणसाला कितीक वर्षं ठरलेल्या कुस्त्या खेळाव्या लागल्या त्याला आज खरी मिळाली होती, आणि ती अशी, मोडक्या बरगडीवर. त्यांच्या तोंडावर घाम नव्हता, पांढरेपणा होता. लोकांना वाटलं, काय रंगलीय! लोक फेटे उडवत होते. मी खंडोबाला म्हणत होतो, कुणालातरी पाड रे. कुणालाही पाड.

मग बिरूनं मागून धरून खाली घेतलं आणि सवारी भरली. पाहुण्यांना सांगतो, सवारी म्हणजे पाठीवर बसून दोन्ही पायांचा विळखा समोरच्याच्या कमरेला घालायचा आणि आवळायचं. धडधाकट माणसाला त्यात तारे दिसतात. तंबूच्या दारातून वहिनींचा आवाज आला, "ब्याड! ब्याड री!" नको, नको. त्या गलक्यात तो कुणाला ऐकू जाणार? बिरूनं एकदा आवळलं. शरणबसप्पांचं तोंड मातीत गेलं. आणि बिरू थांबला. दोघांची डोकी एकाला एक लागलेली, ओठ हलत होते. दोघं काहीतरी बोलत होते. काय, ते मला ऐकू आलं नाही, पुढं कधी वस्तादांनीही सांगितलं नाही.

त्यानंतर बिरूनं त्यांना पाडलं. म्हणजे कसं? लोकर कातरायला मेंढी आडवी करतात तसं. एक हात मानेखाली, एक कमरेखाली, आणि हळूच पाठ मातीला.

आपल्या लोकांचे डोळे तयार आहेत. कुणीतरी म्हणालं, "हे काय पाडनं झालं?" दुसरा ओरडला, "नूरा!" आणि मग चारी बाजूंनी, "नूरा! नूरा!" लोकांच्या हातात ढेकळं आली. कनातीचा एक दोर कुणीतरी तोडला, एक बाजू खाली बसली, आतून बायकांच्या किंकाळ्या. नारायणराव बाकड्यावर चढून काही सांगत होते, ते बाकड्यासकट दिसेनासे झाले. मला वाटलं, आता रक्त सांडणार.

आणि बिरू उठला. त्यानं शरणबसप्पांना उभं केलं, त्यांचा धड बाजूचा हात धरून वर केला, आणि सगळ्या गर्दीच्या वर आवाज काढून ओरडला, "नूरा पैलवान की!"

आता आपल्या माणसांची खोड तुम्हाला ठाऊक आहे. 'की' कानावर पडलं की तोंडातून 'जय' बाहेर पडतंच, मग समोर देव असो की फौजदार. शे-दोनशे लोकांच्या तोंडून 'जय!' गेलं आणि मग त्यांचं त्यांनाच उमजेना की आपण शिव्या देत होतो की जयजयकार करत होतो. बिरू पुन्हा ओरडला, "नूरा पैलवान की!" कुणीतरी हसलं. एकानं दुसऱ्याला सांगितलं, "आरं, त्येला वाटतंय त्या गड्याचं नाव नूरा हाय!" ते हसू असं पसरत गेलं की ढेकळं हातातून गळाली. तंबू वाचला, माणसं वाचली. मोडक्या बरगडीनं फिरता येईना म्हणून कंपनी वस्तादांना इथंच टाकून पुढं गेली. ते शाळेच्या ओसरीत पडले, मग तालमीत राहिले, मग आपले झाले. आणि तेव्हापासून नूरा वस्ताद.

बंधू-भगिनींनो, ही ती कुस्ती. ज्यांनी खोटी म्हटली त्यांनी आता सांगावं, यात खोटं काय होतं? एका भोळ्या धनगराच्या पोराला एक शब्द कळला नाही, आणि त्याच्या त्या अडाणीपणानं...

कोण? कोण म्हणालं 'खोटं हाय'? बिरू?

थांबा, थांबा. घंटी नको, अध्यक्षमहाराज. हात जोडतो. बिरू, तू पुढं ये. येत नाहीस? बरं, तिथूनच बोल. त्याचा आवाज पाहुण्यांपर्यंत पोचत नाही, म्हणून तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत मी इथून सांगत जातो.

बिरू म्हणतो, "मास्तर, बाकी समदं बराबर हाय. पर मला कळलं न्हवतं, ह्ये खोटं हाय."

म्हणतो, "सवारी भरली तवा माज्या टाचंखाली त्यांची बरगडी कुरकुरली. मेंढराचं हाड मोडलं तर हाताला कळतंय, मानसाचं कळनार न्हाय व्हय? म्या कानात म्हनलं, पैलवान, हाड मोडलंया, म्या सोडतो. तर वस्ताद म्हनले, सोडू नगं. सोडलास तर लोक नूरा म्हनतील, तंबू पेटवतील. म्या म्हनलं, म्हनू द्या की, तुमचंच नाव हाय. तवा त्येंनी मला नूरा म्हंजी काय त्ये सांगितलं. हाड मोडलेला मानूस, माज्या पायात आवळलेला, आन् मला शब्दाचा अर्थ सांगतोय."

जरा शांत राहा, मागचे. वस्ताद, तुम्ही बसा. त्याला बोलू द्या.

बिरू म्हणतो, "मंग म्या इचारलं, आता काय करू? वस्ताद म्हनले, मला पाड. त्येंनी सोता अंग सैल सोडलं. म्या नुसतं खाली ठिवलं. लोक वरडाय लागले तवा त्ये काय वरडत्यात ह्ये मला पुरतं ठावं व्हतं. मला दुसरं काय सुचलं न्हाय, म्हनून येड पांघरलं. गाव हसलं, हसू द्या. आजारपनात वस्तादांनी माज्याकडनं वचन घेतलं, कुनाला बोलू नगं, तुजी जीत खोटी ठरंल. म्हनून गप बसलो. आन् यंदा भर जत्रंत त्येंना लोकांनी खोटं म्हनलं, तरी त्ये वचन सोडनात. मला तोंड उगडू देईनात आन् निगाले आपले गाव सोडून. मंग म्या त्यांच्यासंगं बोलू कशापायी?"

आणि बिरू म्हणतो, ऐका नीट, "म्या त्येंना कदी पाडलंच न्हाय. त्येंनी पाठ दिली म्हनून म्या जितलो. नूरा झाली ती माजी जीत झाली. नाव ठिवायचंच तर मला ठिवा, त्येंना न्हाय."

सभापतीसाहेब, या माणसाकडं दुसरं काही नाही. मेंढरं आणि ती एक जीत. लग्नात, बारशात, चावडीवर त्याची ओळख करून देतात ती, 'पोलादी शेराला पाडणारा बिरू' म्हणून. ती त्यानं आत्ता तुमच्या-आमच्यापुढं काढून ठेवली. 

आता वस्ताद उठले. वस्ताद, इकडं या, इथून बोला. नाही? बरं, तेही मीच सांगतो.

वस्ताद म्हणतात, "इल्ला! नाही! खोटं बोलतो हा पोरगा. पाठ मी दिली नाही. सवारी भरली तेव्हाच मी हरलो. बरगडी धड असती तरी हरलो असतो. एवढी वर्षं मातीत काढली, मला माझं हरणं कळत नाही का? मी चित झालो. खरा चित झालो."

बिरू म्हणतो, "न्हाय झाला."

वस्ताद म्हणतात, "झालो!"

मंडळी, जन्मभर बघ्या म्हणून फिरलो, जिंकायसाठी भांडणारे हजारो पाहिले. हरायसाठी भांडणारी ही पहिली जोड. नारायणराव, त्या दिवशी पंच तुम्ही होता. बाकड्यासकट पडलात, त्या धांदलीत निकाल तुम्ही दिलाच नव्हता, मला पक्कं आठवतंय. बिरू जिंकला हे गावानं ठरवलं, पंचानं नव्हे. सांगा आता, कोण जिंकलं? मान काय हलवता? तुम्हालाही सांगता येत नाही ना? मग आपल्या आखाड्याचा रिवाज तुम्हीच आम्हाला शिकवलाय. पंचाचा निकाल होईपर्यंत जोडीतल्या कुणीही माती सोडायची नाही.

वस्ताद, ऐकलंत? निकाल व्हायचा आहे. आणि आमचे नारायणराव निकाल द्यायला फार वेळ घेतात, ग्रामपंचायतीचा आमचा अनुभव आहे.

बिरू पुढं आला. त्याला वाट द्या. अरे, वस्तादांच्या पाया पडू दे त्याला, मग रडा सगळे. नीलम्मावहिनी, तुम्हीही या.

मला आता बसलं पाहिजे. सभापतीसाहेबांनी आमच्या घरगुती भानगडी इतका वेळ शांतपणानं ऐकून घेतल्या, त्यांचे आभार. अध्यक्षांनी घंटी खाली ठेवली, त्यांचे विशेष आभार. आपण सगळ्यांनी ऐकलंत, आपला ऋणी आहे. बोलण्याच्या भरात लहान तोंडी मोठा घास घेतला गेला असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर घरचा माणूस म्हणून सोडून द्या. एक चूक मात्र मी स्वतःहून कबूल करतो. मला इथं वस्तादांना निरोप द्यायला उभं केलं होतं. तो काही माझ्याकडून देववला नाही. तेवढं पोटात घाला.